काल्बूबू आपांनी आशीर्वाद अडवला

"मेंढी कापायची नाही," काल्बूबू आपा म्हणाल्या आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसल्या.

अंगणात त्यांचा पुतण्या मिर्लान मेंढीची दोरी धरून उभा होता. कढईत पाणी उकळत होतं. किर्गिझस्तानातल्या कोच्कोर गावच्या सभागृहात मिर्लानचा भुताचा सिनेमा पाहून सगळं गणगोत थेट त्याच्या घरी जेवायला आलं होतं. आता वडीलधाऱ्या आपांनी तळवे उघडून आशीर्वाद द्यायचा, सगळ्यांनी 'ओमीन' म्हणत तोंडावरून हात फिरवायचे, मग मेंढी कढईत. आशीर्वादाआधी सुरी उचलायची छाती त्या घरात कुणाचीच नव्हती.

आणि हा आशीर्वाद साधा नव्हता. मिर्लानचे सासरे इशेनबेक सगळ्यांसमोर म्हणून बसले होते, "थोरल्यांनी आशीर्वाद दिला, की माझे घोडे विकतो. सिनेमाचा दुसरा भाग काढू."

"आपा, झालं तरी काय?" मिर्लानने विचारलं.

"काही झालं नाही! हेच तर! हृदयाच्या औषधाचे थेंब घेऊन बसले होते मी. वाटलं, पोरानं अल्बार्स्ती दाखवलीय, आज जीव जाणार. आणि ती बया काय करते? रडते! लहानपणी कुणी माया केली नाही म्हणून! अरे, ती बाळंतिणीची फुप्फुसं पळवणारी हडळ की तुझी चुलतबहीण?"

"आपा, ते प्रतीक आहे."

"घाल चुलीत ते प्रतीक. आणि तिचा पिवळ्या केसांचा टोप? दारातून शिरताना डोक्यावरून घसरला, तिनं हातानं सरळ केला. मी बघितलं."

सगळ्यांनीच बघितलं होतं. पण बाहेर पडताना प्रत्येकानं मिर्लानला मिठी मारून 'अंगावर काटा आला' म्हटलं होतं. खोटारडे सगळे! आपांचा चुलतदीर तर पहिल्या किंकाळीनंतर घोरत होता.

मिर्लानची आई गुल्सुन चहाची किटली घेऊन जवळ आली. "जाऊबाई, चार बरे शब्द बोला ना. पोराचं नाक राहील."

"तुझं नाक राहावं म्हणून देवापुढे खोटं बोलू? तू बोल. देव तुझ्याशी नंतर बोलेल."

गुल्सुन मागे सरकली. कढईत पुन्हा पाणी ओतलं गेलं. लेपेश्का रोट्या संपल्या, पिठाचे तळलेले बोर्सोक संपले, पाहुणे साखरेचे खडे चघळू लागले. मेंढी गुल्सुनच्या कुंडीतली फुलं खात होती. डोंगरामागे ऊन उतरलं तसा चुलतदीर चिडला.

"आपा, भूक लागलीय हो! सिनेमा कसा का असेना!"

"कसा होता?"

"भिकार होता!" तो ओरडला आणि मिर्लानकडे बघून खोकला.

"आत्ता कसं!" आपा खुलल्या. "अजून कुणी?"

मिर्लानचा चेहरा पेटला. त्यानं दोरी गुल्सुनच्या हातात फेकली.

"नका देऊ आशीर्वाद! मी तसाही दुसरा भाग काढणार. तिसराही काढणार! तुम्हाला काय कळतं सिनेमातलं?"

"घाबरायचं कळतं. सत्तर वर्षं अंधाराला घाबरतेय मी. एवढं तयार गिऱ्हाईक मिळालं होतं तुला, तेही घालवलंस."

इशेनबेक घसा खाकरून म्हणाले, "आपा, तुमच्या मनात असेल तोच आशीर्वाद द्या. पण द्या."

"मनातलाच?"

"मनातलाच."

आपांनी मांडीखालून हात काढले. तळवे उघडले. बघता बघता अंगणभर तळवे उघडले गेले. मिर्लानचेसुद्धा, सवयीनं.

"देवा," आपा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "या पोराला उदंड आयुष्य दे. भरलं घर दे. आणि ज्याला बघून याची स्वतःची बोबडी वळत नाही, असं भूत याच्या हातून पुन्हा कधी पडद्यावर येऊ देऊ नकोस. इशेनबेकचे घोडे इशेनबेकच्याच कुरणात चरू देत."

"ओमीन!" अंगण गरजलं. हात तोंडावरून फिरले. मेंढी परसात गेलीसुद्धा.

मिर्लान हनुवटीवर हात तसाच ठेवून उभा राहिला. सगळ्यांत मोठं ओमीन कुणाचं होतं, ते त्याला ऐकू आलं होतं. त्यानं सासऱ्यांकडे पाहिलं. इशेनबेक बाह्या सरसावत, शीळ घालत, लाकडं आणायला निघाले होते.