राजाच्या आधी बोलणारे तात्या

शहापुरात माझं लग्नाच्या शूटिंगचं दुकान आहे. आमच्या गावची जेवढी म्हणून लग्नं मी कॅमेऱ्यात भरली, त्या सगळ्यांत एक आवाज आहे. नवरी नाव घ्यायला उभी राहते, लाजते, अडते, आणि तिच्या पाठीमागून कुणीतरी घोगरं कुजबुजतं, "भाताच्या लोंबीला पिवळा पिवळा रंग." नवरी म्हणते, "भाताच्या लोंबीला पिवळा पिवळा रंग." मग पुढची ओळ, तीही तशीच. नवऱ्याचं नाव तेवढं ती स्वतःच्या मनाने घेते. एकदा मात्र तात्यांनी घाईत सकाळच्या लग्नातल्या नवऱ्याचं नाव पुरवलं, आणि संध्याकाळच्या पोरीने ते घेतलंही. तो भाग मला कापावा लागला. कापायची सवय मला तेव्हापासूनच.

तो घोगरा आवाज बाळारामतात्यांचा. सापगावाहून आत गेलं की आमचं गाव, आणि देवळाला लागून त्यांचं घर. आमच्या गावात माघातल्या जत्रेला दरवर्षी एकच जुनं नाटक व्हायचं. हरणार हे माहीत असूनही लढाईला निघालेल्या एका राजाचं. गावात त्याला नुसतं 'राजाचं नाटक' म्हणत. तीसेक वर्षं या नाटकाचे प्रॉम्टर तात्या. विंगेत पाटावर बसायचं, मांडीवर वही, हातात बॅटरी, आणि नटाच्या आधी त्याचं वाक्य त्याला द्यायचं. आमच्या नटांचं पाठांतर म्हणजे आनंदच होता. दिवसभर भाताची झोडणी नाहीतर आटगावला कारखान्यात पाळी, पाठ कधी करणार? राणी तर बाहेरून आणलेली असायची. दुपारी एसटीने उतरायची, तात्यांच्या घरी जेवायची आणि रात्री तात्यांच्या भरवशावर उभी राहायची.

त्यामुळे तात्यांना लोकांची पुढची वाक्यं द्यायची खोडच लागली. तुम्ही बोलत असलात की त्यांचे ओठ हलायचे. जरा थांबलात की शब्द हजर. सरपंच एके काळी नाटकात सेनापती होते. ग्रामसभेत त्यांचं भाषण लांबायला लागलं की तात्या मागून हळूच म्हणायचे, "एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो." सरपंच तेवढं बोलून खाली बसायचे. बसल्यावर त्यांच्या ध्यानात यायचं की पाण्याच्या टाकीचा विषय राहिलाच. पण तात्यांचा आवाज मागून आला की आमच्या गावातला माणूस विचार करत नाही, बोलतो. तीस वर्षांची सवय आहे.

नाटकाबद्दल बोलायला लागले की मात्र हा बुटका, मान वाकडी झालेला माणूस वेगळाच व्हायचा. "वाक्य कोणी पण पाठ करंल रे," म्हणायचे, "श्वास कोण पाठ करतो?" त्यांच्या वहीत शब्दांपेक्षा खुणा जास्त होत्या. लाल टिंब म्हणजे थांब. दोन टिंबं म्हणजे राणीकडे बघ, मग थांब. आणि तिसऱ्या अंकात एक अख्खं पान होतं, त्यावर एकच ओळ. राणी विचारते, "महाराज, परत याल ना?" आणि पुढे कंसात, राजा काही बोलत नाही.

तात्यांच्या मते सगळं नाटक त्या कंसात होतं.

या नाटकाचा एक जुना सिनेमा निघाला होता. तो मी दुकानात कॉम्प्युटरवर त्यांना दाखवला. तो प्रसंग आला. पडदाभर राजाचा डोळा, डोळ्यात पाणी, मागे व्हायोलिन. तात्या हळहळले. "राजा गप्प हाय, पण डोळा बोलतोय, वर ते व्हायोलिन बोलतंय. मग गप्प कोण ऱ्हायलं?" रेडिओवरचं नाटक ऐकवलं, तर त्यात त्या जागी ढग गडगडले. तात्या म्हणाले, "रेडिओवाल्यांना गप्प बसायची भीती वाटते. लोकांना वाटंल लाइट गेली."

"मग करायचं कसं?"

"सहा मोजायचे. पाचला राजा कोडगा वाटतो. सातला वाटतं, वाक्य इसरला. सहाला कळतं, का हा मरणार हाय आन तिला खोटं सांगवत नाय."

आमचा राजा म्हणजे गिरणीवाले दामूशेठ. त्यांना हे सहा कधीच जमले नाहीत. एका वर्षी राणीने प्रश्न विचारला आणि दामूशेठ कावरेबावरे होऊन विंगेकडे बघायला लागले. आपलं वाक्य गेलं, असं त्यांना वाटलं. वाक्य नव्हतंच. मग तात्यांनी विंगेतून वाक्य दिलं, "गप्प. काय बोलू नको." दामूशेठ गप्प राहिले. त्या वर्षी बाया रडल्या म्हणतात.

नेमका त्याच वर्षीचा प्रयोग टेप झाला होता. टेपरेकॉर्डर तात्यांचाच, आणि प्लग फक्त विंगेत, म्हणून तो ठेवला तात्यांच्या मांडीपाशी. दोन कॅसेट भरल्या. त्यात राजा लांबून बोलतो आणि तात्या कानात बोलतात. प्रत्येक वाक्य दोनदा. आधी कुजबुजलेलं, मग गर्जलेलं.

पुढे नाटक बंद पडलं. दामूशेठ गेले. यंदाच्या जत्रेला कमिटीने ठरवलं, की निदान ती टेप तरी लाउडस्पीकरवर लावू. काम आलं माझ्याकडे.

आता मी कसा माणूस आहे ते सांगतो. मला स्वच्छ लागतं. माझ्या व्हिडिओत कुणाचं बोट नाकात दिसणार नाही, कुणाचं पोर मध्ये रडणार नाही. मी आठ दिवस दुकान अर्धं बंद ठेवून त्या नाटकातली एकूणएक कुजबूज कापली. कुजबूज कापल्यावर मध्ये रिकाम्या जागा राहिल्या, त्याही जुळवून टाकल्या. तीन तासांचं नाटक सव्वादोन तासांवर आलं. मी स्वतःवरच खूश होतो. फिती बुरशीने खाल्लेल्या, कॉम्प्युटरवर उतरवता उतरवता जागोजाग तुटल्या होत्या, त्या कचऱ्यात टाकल्या. मूळ फाईल जागा अडवत होती म्हणून पुसली. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. माझं मीच केलं.

जत्रेत लोकांनी कौतुक केलं. दामूशेठचा मुलगा म्हणाला, बाबा असे सलग बोलायचे हे आम्हाला माहीतच नव्हतं. तात्या देवळाच्या पायरीवर बसून पूर्ण ऐकत होते. मी जवळ गेलो, तर म्हणाले, "साफ झालं रे नंदू. पार साफ." मला ती शाबासकी वाटली. इतका मी हुशार.

चार दिवसांनी पेनड्राइव्ह आणि एक छोटा स्पीकर घेऊन त्यांच्या घरी गेलो. भेट म्हणून. जनाकाकी, म्हणजे तात्यांची बायको, पडवीत खाटेवर बसल्या होत्या, तात्या शेजारी. साखरेने त्यांची नजर गेलीय, दोन वर्षं झाली. मी नाटक लावून दिलं. पाच-दहा मिनिटं त्यांनी मान पुढे करून ऐकलं, मग म्हणाल्या, "नंदू, यांचा आवाज कुठं गेला रे?"

मी उगाच स्पीकरचा आवाज वाढवला.

"जत्रंत पण नाय आला. मला वाटलं भोंगा लांब हाय, म्हून नाय येत."

"काकी, ते प्रॉम्टिंग होतं ना. मध्ये मध्ये येत होतं, म्हणून..."

"अगो, तो काढायचाच असतो," तात्या मध्येच म्हणाले. "प्रॉम्टरचा आवाज लोकांत गेला तर ती प्रॉम्टरची चूक. नंदूने माझी चूक निस्तरली."

मग काकींनी सांगितलं ते मला नाही, समोरच्या भिंतीला सांगितल्यासारखं सांगितलं. "सगळ्यांच्या बायकांना आपापला नवरा स्टेजवर दिसायचा. कोण राजा, कोण शिपाई. माझा तेवढा दिसायचा नाय. आन मी तरी कुठं बघायला? त्या राणीला जेवायला घाला, तिचं अंथरूण बघा. मी पोचायची तवा पडदा पडलेला. मंग हे टेप लावून द्यायचे दुपारचे. लोकांनी राजा ऐकला असंल. मी ह्यांना ऐकायचे."

"अगो, पुरे," तात्या म्हणाले.

"आता डोळं पण गेलं. टेप होती. नंदू, जुनी आन परत. तीच लाव."

मी खोटं बोललो. बघतो म्हणालो. दुकानात येऊन कॉम्प्युटर उलटापालटा केला, कल्याणच्या एका माणसाकडे हार्डडिस्क नेली, कचऱ्याच्या गाडीवाल्यालाही विचारलं. काही उरलं नव्हतं. आयुष्यभर लोकांच्या लग्नातलं खोकणं-शिंकणं कापत आलो, त्याचं कधी काही वाटलं नाही. पण ती टेप कापली याचं जे वाटतं ते अजून जात नाही. साधं विचारायला काय झालं होतं मला? तात्यांचं घर माझ्या घरापासून हाकेवर आहे.

महिनाभर मी त्यांच्या दारावरून गेलो नाही, मागच्या वाटेने ये-जा केली. शेवटी एका दुपारी धीर केला. खरं काय ते सांगून टाकायचं, काकींचे पाय धरायचे, असं ठरवून गेलो. दार उघडंच होतं.

काकी खाटेवर, डोळे मिटलेले. तात्या त्यांच्या पायाशी पाटावर बसलेले, विंगेत बसायचे तसे. मांडीवर वही नव्हती, वाळवीने ती कधीच खाल्ली. हातात मी दिलेला स्पीकर, अंगठा बटणावर. तात्या एक वाक्य कुजबुजायचे, बटण दाबायचे, दामूशेठ तेच वाक्य गर्जायचे, की पुन्हा बटण. नाटक थांबवून पुढचं वाक्य. मेलेल्या राजाला तात्या प्रॉम्टिंग देत होते. मी सांधून टाकलेली एकेक जागा अंगठ्याने उसवत होते.

"हितं तुमी खोकला होता," काकी डोळे न उघडता म्हणाल्या.

तात्या खोकले. काकींनी मान हलवली आणि नाटक पुढे निघालं.

असं किती दिवस चाललं होतं कोण जाणे. मी उंबऱ्याबाहेर एक पाय ठेवून उभा राहिलो. तिसरा अंक सुरू होता. हाक मारायला तोंड उघडणार, तेवढ्यात राणीने विचारलं, "महाराज, परत याल ना?"

पुढची सहा मोजायची जागा मी फाईलमधून कापली होती. तिथे लगेच तुतारी वाजते. पण तात्यांनी बटण दाबलं. नाटक थांबलं. ते पुढे झुकले, काकींच्या कानाशी तोंड नेलं, आणि विंगेतल्या त्या घोगऱ्या आवाजात म्हणाले, "गप्प. काय बोलू नको."

आवाज मागून येवो की पुढून, आमच्या गावातला माणूस तात्यांचं ऐकतो. मी गप्प राहिलो. अंगठा बटणावर तसाच होता. काकींचा हात तात्यांच्या खांद्यावर आला होता, आणि त्या ओठांतल्या ओठांत मोजत होत्या.