फिजिक्सची गर्दी

"पोरं कमी पडतायत, बाई. एवढ्या मुलांवर फिजिक्सचा वर्ग काही निघत नाही," शाळेचे पेट्राकिस सर फोनवर ब्रॉन्विनला म्हणाले.

अकरावी-बारावीला कोण कुठले विषय घेणार, हे ऑस्ट्रेलियातल्या वारूम गावच्या शाळेत त्याच ऑगस्टात ठरायचं होतं. तिच्या टॅम्सिनला इंजिनिअर व्हायचं, म्हणजे फिजिक्स हवंच. वर्ग निघाला नाही तर पोरीने दोन वर्षं वाचनालयाच्या कोपऱ्यात एकटीने संगणकाच्या पडद्यासमोर बसायचं आणि मेलबर्नच्या कुणा मास्तरकडून शिकायचं. टॅम्सिन समोरच्या माणसाला शंका विचारायला लाजते. ती पडद्याला काय विचारणार!

शनिवारी फुटीच्या, म्हणजे तिकडच्या फुटबॉलच्या, मैदानावर ब्रॉन्विनने शेरीलला गाठलं. गावातली बेकरी शेरीलची, आणि मॅचच्या दिवशी सॉसेजचा तवाही तिचाच.

"अगं, तुझ्या ब्रॉडीला फिजिक्स घ्यायला लाव. अवघड विषयांचे मार्क बोर्ड वर ओढतं."

"ओढतं म्हणजे? कमी पडले तरी जास्त देतं?"

"तसंच... काहीतरी." हे वर ओढण्याचं गणित कितीदा वाचलं तरी ब्रॉन्विनच्या डोक्यावरूनच जात होतं.

शेरीलने चिमटा तव्यावर आपटला. "आणि हे तू आत्ता सांगतेस होय गं!"

मॅच संपेपर्यंत बातमी मैदानाला वळसा घालून परत आली, तेव्हा ती ओळखू येत नव्हती. "फिजिक्स घेतलं की नापासच करत नाहीत म्हणे," एक जण खुद्द ब्रॉन्विनला समजावत होता. ती "हो का?" एवढंच म्हणाली. चूक दुरुस्त करायची तर बरोबर काय ते आधी माहीत हवं ना!

पुढच्या आठवड्यात सरांचा फोन आला. "गावाला काय झालंय कळत नाही, बाई. सुतारकाम ओस पडलं. अपूर्णांक बघून घाम फुटणारी पोरंसुद्धा फिजिक्सला आलीत."

"म्हणजे वर्ग निघाला!"

"निघाला की! पण प्रयोगशाळेत बाकं मोजकी. कच्च्या पोरांना समोर शिकवायला बाई हव्यातच. तेव्हा आपल्या बळावर निभावेल असं कोण, ते आम्ही पाहिलं." सर कौतुकाने म्हणाले, "टॅम्सिन बसेल पडद्यासमोर. अभिमान वाटू द्या!"

ब्रॉन्विनने फोन ठेवला. निघाली ती थेट बेकरीत.

"शेरील, ते मार्कांचं तितकंसं खरं नाही गं. ब्रॉडीला सुतारकामच बरं."

"परवा घ्या म्हणालीस, आज सोडा? तुझी कुठं बसणारे, ते सांग आधी."

"वाचनालयात. एकटी. मेलबर्नच्या मास्तरसमोर." ब्रॉन्विन रडकुंडीला आली होती.

शेरीलचे डोळे बारीक झाले. "वा गं वा! आमची पोरं गर्दीत कोंबायची, आणि तुझीला खासगी शिकवणी!"

"अगं, तसं नाही..."

पण शेरीलने फोन कानाला लावला होता.

नोव्हेंबरात, नवं वर्ष लागायच्या आधीच, अकरावीचे पहिले तास सुरू झाले. त्या दुपारी ब्रॉन्विनने स्वतःच शाळेत फोन केला. सर आता काही समजून घ्यायच्या पलीकडे गेले होते.

"सगळ्या आयांना पडदाच हवा. दिला बाबा! वाचनालयात मुंगी शिरायला जागा नाही. इकडे कागदावर वर्ग भरलेला, म्हणून फिजिक्सच्या बाई प्रयोगशाळेत हजर, आणि समोर रिकामी बाकं."

"अहो, पण माझी टॅम्सिन कुठाय?"

"ती? सकाळीच दप्तर उचलून बाईंच्या पुढ्यात जाऊन बसली. एकटीच. हलायला तयार नाही." सरांनी आवाज खाली आणला. "आणि हे बघा, मी बोललो म्हणून सांगू नका तिला. आईला अजिबात कळू देऊ नका, नाहीतर पुन्हा गर्दी होईल, म्हणालीय."