काकांना ऐकू येतं

दर वर्षी डॉक्टरांचा 'वाहन चालवण्यास योग्य' असा दाखला आणल्याशिवाय काकांना बसच्या स्टिअरिंगला हात लावता येत नसे. काका सिटी बसवर ड्रायव्हर होते. प्रवासी त्यांना काका म्हणत, डेपोतलेही म्हणत, तेव्हा आपणही काकाच म्हणू. दाखला म्हणजे नुसती औपचारिकता असायची. डॉक्टर कानाशी काहीतरी कुजबुजायचे, भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायचे आणि सही ठोकायचे. यंदा मात्र दोन गोष्टी नव्या होत्या. डॉक्टरांच्या टेबलावर एक चपटं काळं यंत्र बसलं होतं आणि काकांबरोबर काकू आल्या होत्या.

"हे आपलं बोलणं ऐकतं आणि स्वतःच अहवाल तयार करतं," डॉक्टर कौतुकाने म्हणाले. "एआय आहे. मला आता काही लिहावंच लागत नाही. काका, संमती म्हणून इथे अंगठा टेकवा."

काकांनी टेकवला. अशा ठिकाणी नाही कोण म्हणतं?

कुजबुज ऐकून झाली, अक्षरं वाचून झाली. "काही त्रास?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही," काका म्हणाले.

"काही नाही कसं?" काकूंनी खुर्ची पुढे ओढली. "यांना ऐकूच येत नाही हो! दहा हाका मारल्या की एकदा 'काय गं' म्हणणार. डोळ्यांसमोरची वस्तू दिसत नाही, फ्रिज उघडून मलाच विचारतात दूध कुठंय. दुकानात पाठवलं तर निम्मं सामान विसरून येतात. आणि मी बोलायला लागले की बसल्या जागी डोळा लागतो!"

डॉक्टर हसले. काकाही हसले. यंत्र हसलं नाही.

डेपोत दाखला यायच्या ऐवजी अहवाल आला. ऐकण्याची क्षमता गंभीररीत्या कमी. समोरच्या वस्तू ओळखण्यात अडचण. स्मरणशक्ती ढासळलेली. संभाषणाच्या दरम्यान झोपेचे झटके. 'तपासणीत रुग्णाने सर्व उत्तरं बरोबर दिली, त्यासाठी विशेष प्रयत्न केले असावेत.' शेवटी ठळक अक्षरांत, वाहन चालवण्यास अयोग्य. खाली डॉक्टरांची सही.

डेपो मॅनेजरने काकांना बसवरून उतरवलं आणि चौकशीच्या खिडकीत बसवलं, कारण रिकामी खुर्ची तेवढीच होती. बहिऱ्या आणि विसराळू माणसाने दिवसभर लोकांच्या चौकशांना उत्तरं द्यायची, यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. फक्त सगळा डेपो त्यांच्याशी ओरडून बोलायला लागला. महिनाअखेर दाखला आला नाही तर कायमचं घरी बसावं लागेल, हेही मॅनेजरने ओरडूनच सांगितलं. बस चालवण्याखेरीज काकांना दुसरं काही येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही नव्हतं.

ते तडक दवाखान्यात गेले.

"डॉक्टर, सही तुमची आहे!"

"सही माझी, निष्कर्ष यंत्राचा. रोज ढीगभर अहवाल येतात. सगळे वाचत बसलो तर पेशंट कधी तपासू?"

"मग आता वाचा आणि बदला."

"तसं नाही करता येत. यंत्राचं न ऐकता मी तुम्हाला पास केलं आणि उद्या तुम्ही बस खांबावर घातलीत, तर कायद्याने मी अडकलो."

"आणि यंत्राचंच चुकलं असेल तर?"

"तर मी यंत्राचं ऐकलं होतं," डॉक्टर म्हणाले. हे वाक्य त्यांना स्वतःलाच फार आवडलेलं दिसलं.

तरी माणूस भला होता. त्यांनी यंत्राच्या कंपनीला फोन लावून स्पीकरवर टाकला. पलीकडची बाई अतिशय गोड बोलत होती. "आमचं यंत्र निदान करतच नाही, सर. ते फक्त सुचवतं. जबाबदारी सही करणाऱ्याची. शिवाय पेशंटची संमती आहेच."

"मी कधी दिली संमती?" काका कडाडले. "मला तर काही आठवत नाही!"

टेबलावरच्या यंत्राचा दिवा लुकलुकला. डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. नव्या नोंदी झाल्या होत्या. मोठ्याने बोलतात, बहिरेपणा वाढल्याची शक्यता. संमती दिल्याचं स्मरत नाही. चिडचिड. स्वतःला आजार असल्याचं मान्य नाही.

"काका," डॉक्टर अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही आता काही बोलू नका."

"एक मार्ग आहे," गोड बाई म्हणाली. "ज्यांनी माहिती दिली, त्यांनीच यंत्रासमोर ती मागे घ्यायची."

घरी काकूंनी साफ नकार दिला. "मी खोटं काय बोलले? ऐकू येतं का तुम्हाला?"

"येतं."

"मग इतकी वर्षं हाकेला ओ का देत नाही?"

काकांकडे याचं उत्तर होतं, पण ते घरात देण्यासारखं नव्हतं. ते गप्प बसले, आणि काकूंना वाटलं, पुन्हा ऐकू आलं नाही.

पण एके दुपारी काकू डबा घेऊन डेपोत गेल्या. खिडकीच्या भोकात तोंड घालून कोणीतरी बोंबलत होतं आणि आत काका त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत होते. त्यांची बस दुसराच ड्रायव्हर बाहेर काढत होता. डबा खिडकीत ठेवून काकू म्हणाल्या, "उठा. चला दवाखान्यात."

यंत्रासमोर त्या शब्द जपून बोलल्या. "यांना ऐकू येतं. मी आतल्या खोलीत बहिणीशी फोनवर बोलते, तेही ऐकू येतं. दिसतंही सगळं, फक्त शोधायचा कंटाळा. विसरत नाहीत, लक्षच देत नाहीत. आणि मी बोलताना झोपत नाहीत, डोळे तेवढे मिटून घेतात."

या खेपेला डॉक्टरांनी अहवाल सहीच्या आधी वाचला, आणि मोठ्याने वाचला. "'वाहन चालवण्यास योग्य. सर्व काही ऐकू येते. आजवर घरात प्रतिसाद न देणे हे जाणूनबुजून.' मान्य असेल तर अंगठा टेकवा, काका."

काकांनी ती ओळ स्वतः पुन्हा एकदा वाचली. शेजारी काकू त्यांच्याकडे बघत होत्या. मग काकांना बस आठवली आणि त्यांनी अंगठा टेकवला.

जिना उतरताना काकू पुढे होत्या. मागे वळून न बघता, स्वतःशीच बोलावं इतक्या हळू त्या म्हणाल्या, "रविवारी माझ्या भावाकडे जायचंय. मुक्कामाला."

असलं वाक्य इतक्या वर्षांत काकांच्या कानापर्यंत एकदाही पोचलं नव्हतं. त्यांनी हातातल्या दाखल्याकडे पाहिलं.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं.