लिंबावरचा शर्ट

शिवणयंत्राला तेल घालायचं सोडून टेलरसाहेबांनी त्या दुपारी बायकोवर छाप पाडायचं ठरवलं, आणि तिथेच सगळं उसवलं.

(साहेब ही पदवी त्यांनी स्वतःच दुकानाच्या पाटीवर रंगवून घेतली होती.) दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मागच्या खोलीची खिडकी परसात उघडायची, आणि परसात राज्य त्यांच्या बायकोचं, म्हणजे बाईंचं. बाईंना पाखरांचं भारी वेड. भिंतीवर कॅलेंडर होतं, पण घरातलं वर्ष पाखरांवर चालायचं. शेपटी हलवत धोबी पक्षी अंगणात उतरला की ट्रंकेतले स्वेटर बाहेर. कोकीळ ओरडायला लागला की गाद्या उन्हात. मुनियांचा थवा गवताच्या तुऱ्यांवर झोके घेऊ लागला की छत्र्या परत माळ्यावर. टेलरसाहेबांना यातलं एकच पाखरू ओळखता यायचं, ते म्हणजे कावळा. (तोही ओरडला तर.)

यंदा लिंबाच्या झाडावर शिंपी पक्ष्याची जोडी आली आणि साहेबांच्या सुखाला दृष्ट लागली. अंगठ्याएवढं ते पाखरू. चोचीनं पानांना भोकं पाडायचं, दुकानातनं उडालेला कापूस ओवायचं आणि पानं एकमेकांना शिवायचं.

"अहो, बघितलंत का? टेप नाही, कात्री नाही, आणि चार दिवसांत काम तयार!"

"अगं, पण फिनिशिंग बघ ना. टाके केवढे लांब आहेत."

"लांब असतील, पण वेळेवर आहेत."

हे साहेबांना फार लागलं, कारण खरं होतं. त्यांच्याकडे शिवायला टाकलेला कपडा हातात पडेपर्यंत गिऱ्हाईकाचं पोट वाढलेलं असायचं.

घरट्यात पिल्लं झाली. मग एकदा जोराचा वारा सुटला आणि घरट्याचं एक पान सैल पडलं. बाईंचं जेवणात लक्ष लागेना. "पडतील हो बिचारी," असं म्हणत त्या दर घासाला खिडकीकडे बघायच्या.

"मी आहे ना! दोन टाक्यांचं काम."

"तुम्ही लांबच राहा. तुम्ही शिवायला घेतलंत तर पिल्लं त्याच घरट्यात म्हातारी होतील."

असं बोलल्यावर कुठला कारागीर गप्प बसेल? बाई शेजारी गेल्या तसे साहेब सुई, पानाच्या रंगाला मिळता दोरा आणि स्टूल घेऊन परसात आले. अंगात हेडमास्तरांचा नवा कोरा शर्ट होता. (गिऱ्हाईकाचा कपडा अंगात घालून बघणं ही त्यांची जुनी आणि गुप्त सवय. त्याला ते तपासणी म्हणत.) दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांच्या निवृत्तीचा समारंभ होता आणि त्यासाठीच तो शर्ट शिवला होता.

स्टुलावर चढून, काटे चुकवायला डोळे अर्धे मिटून, साहेबांनी दोन टाके घातले, गाठ मारली, दोरा दातांनी तोडला आणि हात मागे घेतला. हाताबरोबर फांदी आली. घरट्यातून चिवचिवाट झाला आणि साहेबांना घाम फुटला. पानाबरोबर त्यांनी शर्टाची बाहीही शिवून टाकली होती! जरा ओढावं तर घरटं खाली. कात्री घरात. ओरडावं तर पाखरं घाबरतील आणि बायको जन्मभर बोलून दाखवेल.

तेवढ्यात शिंपीण चोचीत अळी घेऊन आली. तिनं साहेबांच्या मनगटाकडे पाहिलं, त्यांना ढेकूळ समजून सोडून दिलं आणि पिल्लांना भरवायला लागली. पिवळ्या चोची एकदम वर झाल्या. इतक्या जवळून साहेबांनी कधी काही पाहिलं नव्हतं. हात भरून आला होता, पण त्यांना फार फार बरं वाटत होतं.

खिडकीत बाई दिसल्या, सोबत शेजारीण. "बघा आमचे हे! कधीपासून हललेसुद्धा नाहीत. गोडी लागली शेवटी!" साहेबांनी भुवयांनी 'कात्री, कात्री' असं सांगायचा जीव तोडून प्रयत्न केला. बाई लाजल्या आणि त्यांनीही भुवया उडवल्या.

आणि तेव्हाच हेडमास्तर आले. दुकानात कोणी नाही म्हणून सरळ परसात.

"अहो टेलर, तो माझाच शर्ट ना?"

"हळू बोला सर. तपासणी चालू आहे."

"झाडावर?"

शेवटी सगळं सांगावं लागलं. उजव्या हातानं बटणं सोडून साहेब अलगद शर्टातून बाहेर आले आणि बनियनवर शरमेनं उभे राहिले. शर्ट लिंबावरच राहिला. बाई कात्री आणायला वळल्या, पण हेडमास्तरांनी त्यांना थांबवलं. ते मान वर करून चोची बघत होते.

"ही उडणार कधी?"

"आठवडाभर तरी लागेल," बाई म्हणाल्या.

"मग राहू दे. कात्रीचा धक्का नको. उद्याचं भाषण मी करायचंय, शर्टानं नाही."

जुन्या शर्टात समारंभ पार पडला. मग रिकामे झालेले हेडमास्तर रोज संध्याकाळी "शर्ट झाला का?" असं विचारत येऊ लागले आणि तिघं चहा पीत खिडकीशी बसू लागले. बाई प्रत्येक आल्यागेल्याला सांगायच्या, "घरटं यांच्या टाक्यांमुळे वाचलं हो." साहेब नम्रपणे मान खाली घालायचे आणि पुन्हा ऐकू यावं म्हणून "काय म्हणालीस?" असं विचारायचे. इतके गोड दिवस त्यांच्या संसारात बऱ्याच काळानं आले होते.

एका सकाळी पिल्लं एकामागून एक उडाली. तिघांच्याही डोळ्यांत पाणी आलं. मग बाई कात्री घेऊन स्टुलावर चढल्या, शर्टाला हात लावला आणि थबकल्या.

"अहो, कापायचं काय? बाही काट्यात अडकलीय नुसती."

त्यांनी काटा सोडवला, शर्ट हातात आला. साहेबांचे दोन्ही टाके बाहीतच होते. बाहीच्या सैल घोळाची एक बाजू दुसरीला पक्की शिवलेली. घरट्यावर सगळा कापूस, शिंपिणीनं नव्यानं घातलेला. साहेबांचा दोरा औषधालाही नव्हता.

हेडमास्तरांनी शर्ट घेतला, हात घालून पाहिला. तो आवळलेल्या बाहीत अडकला.

"म्हणजे टेलर," ते समाधानानं म्हणाले, "घरट्याला तुमचा हात लागलाच नाही. तरीच टिकलं!"