तळे तांबडे जाहले त्याची हकीकत

श्रीजलदेवता प्रसन्न असती, तर हे लिहिणे न पडते. शके सोळाशे अमुक, फाल्गुन मास. कोणे एके राज्यांत राजवाड्याखाली तळे होते आणि अवघे शहर तेच पाणी पीत होते आणि त्या वर्षी हगवण लागोन पोरे मरो लागली. मग श्रीमंतांनी पंडित मेळविले आणि पंडितांनी पाणी हुंगोन एकमुखे निर्णय दिल्हा की, पाण्यांत विष्ठा आहे. कोणाची, ऐसे पुसतां अवघे पागोटी सावरू लागले. मग कारभारी अंतोपंत बोलिले, "म्हशींची. तळ्यांत बसतात, आम्ही डोळां पाहिले." म्हशींनी जबाब दिल्हा नाही, सबब गुन्हा शाबीत जाहला आणि गवळीवाडा पाडव्याआधी उठवावा, ऐसा हुकूम सुटला.

इतक्यांत रंगपंचमी आली आणि राजवाड्यांत तांबड्या रंगाचे हौद उडविले आणि मग सरदार मंडळी न्हाणीघरीं यथेच्छ न्हाली. न्हाणीचे पाणी आणि शेतखान्याचा मैला एकेच मोरीने जात असे; मोरी कोठे जाते, हे पुसण्याची दरबारी चाल नव्हती. दुसरे दिवशी तळे तांबडेलाल! अंतोपंत गर्जले, "पाहा, गवळियांनी रंग खेळोन तळे नासिले!" आणि राही गवळणीस दरबारी ओढोन आणिले. ती पदर खोचोन बोलिली, "पंत, काल लेकराला मूठमाती देऊन आलेय मी. आमच्या वाड्यात घरोघर सुतक. रंग खेळलं कोण, माझी म्हैस? तिच्या अंगावर एक टिपका दावा, आत्ता गाव सोडते. अन् तुमच्या कानामागं तांबडं काय लागलंय?"

पंत कान पुसो लागले. श्रीमंत खिडकीशी गेले, तो वाड्याच्या भिंतीखालोन तांबडी धार तळ्यांत चालली होती. मग मोठी मसलत जाहली आणि निर्णय जाहला की, दोष रंगाचा. रंग नव्हता तंव पाणी निर्मळ दिसत होते. सबब म्हशी निर्दोष, गवळीवाडा बहाल, आणि राज्यांत रंग खेळणे कायमचे बंद.

राही म्हणाली, "अन् मोरी?"

"बाई, मोरी वाडवडिलांची आहे. तीस हात लावतां येत नाही."

"अन् लेकरं कुणाची होती, पंत?"

दरबार बरखास्त जाहला.

तात्पर्य, तळे पूर्ववत आरशासारिखे जाहले आणि मोरी पूर्ववत वाहती राहिली. पुढील पंचमीस कोतवाल रंगबंदीच्या बंदोबस्तास गल्लोगल्ली फिरले. परंतु हुकूम मोडावयास शहरांत पोर उरले नव्हते.