पट्टी सुस्थितीत

रविवारी जेवायला आलेल्या साडू-मेहुणीसमोर तपासनीसाने भांडी धुण्याच्या मशीनवर थाप मारली. "दोन वर्षं झाली, या घरात कुणाचा हात ओला झालेला नाही!"

सासूबाई शेजारीच उभ्या होत्या.

सोमवारी संध्याकाळी मशीन उघडलं, तर ताटं तेलकट. पातेल्यात तर कालची भाजी ओळखू येत होती.

"झालं! बसलं तुझं मशीन," असं म्हणत बायकोने फ्रिजवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. मशीन घेताना सगळ्यांचा विरोध मोडून काढायला त्याने लिहून दिलं होतं : 'हे मशीन भांडी साफ करीनासं झालं, तर यापुढे घरातली भांडी मी घासीन.' खाली तारखेसह सही.

तो कारखान्यात दर्जा तपासनीस होता. त्याच्या सहीशिवाय तिथून एक स्क्रूसुद्धा बाहेर पडत नसे. "हा पद्धतीचा प्रश्न आहे," असं म्हणून त्याने वही काढली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, निष्कर्षाची घाई करायची नाही.

मंगळवारी त्याने पावडर दुप्पट घातली. फेस दाराच्या फटीतून बाहेर आला आणि बायको त्यावरून घसरत थेट फ्रिजवर जाऊन आदळली. बुधवारी जाळी काढून टूथब्रशने घासली. तो ब्रश कोणाचा होता, हे गुरुवारी सकाळी कळलं.

"हेही लिही वहीत!" बायको चूळ भरता भरता ओरडली.

त्याने टॉर्च घेऊन डोकं मशीनमध्ये घातलं आणि एकेका भागापुढे खूण केली. जाळी : स्वच्छ. पाणी फवारणारा पंखा : जागेवर. पंख्याची पट्टी : घट्ट, सुस्थितीत.

"जावईबापू, माणूस बोलावता का?" सासूबाईंनी विचारलं. "नाहीतर मी जरा..."

"राहू द्या हो आई. यातलं तुम्हाला नाही कळायचं."

"बरं बाई," म्हणून त्या पेपर घेऊन बसल्या. या आठवड्यात त्यांचं शब्दकोडं रोज पुरं होत होतं.

शनिवारी घरातला शेवटचा चमचाही खरकटा झाला, तेव्हा कुठे मेकॅनिक आला. त्याने आत हात घातला, काहीतरी कचकन कापलं आणि एक प्लॅस्टिकची पट्टी ओट्यावर ठेवली.

"पॅकिंगची आहे. वाटेत पंखा हलू नये म्हणून बांधतात. मशीन बसवल्यावर कापायची असते. हा पंखा कधी फिरलेलाच नाही, साहेब. भांडी आत नुसता शेक घेत होती."

"अशक्य! दोन वर्षं ताटं लख्ख होती. मी स्वतः तपासलीयत!"

मेकॅनिकने फॉर्म काढला. "बिघाड कधीपासून?"

"मशीनचा विचारताय की माझा?" सासूबाईंनी पेपर खाली ठेवला. "मशीन पहिल्या दिवसापासून. मी सोमवारपासून." मग जावयाकडे वळून म्हणाल्या, "तुमची एवढी हौस, म्हटलं कशाला हिरमोड करा. सकाळी तुम्ही मशीन लावून गेलात, की सगळं घासून परत आत ठेवत होते. कोरड्या हातांनी कसं घासतात, ते मात्र नाही जमलं मला."

फॉर्मच्या तळाशी सही हवी होती. तपासनीसाने सवयीने आधी 'तपासले' असं लिहिलं आणि मग सही केली. बायकोने ती सही फ्रिजवरच्या कागदाशी नीट जुळवून पाहिली आणि घासणी त्याच्या हातात दिली.