तळवडेकरांचा पाट

मुलगी स्टेजवर चढली की तळवडेकर पाट घेऊन निघायचे.

पाट देवघरातला, कडेला पितळी फुल्या ठोकलेला. तो काखेत, पायात रबरी स्लिपर, शर्टाच्या खिशात टॉर्च आणि पँटच्या खिशात फ्यूजची तार व अर्धी मेणबत्ती. सगळी सोसायटी स्टेजकडे तोंड करून बसलेली असायची आणि हे गृहस्थ स्टेजकडे पाठ करून जिन्याखालच्या मीटरच्या खोलीकडे चाललेले असायचे. जाताना माझ्यासमोर हात पसरून दोनच शब्द बोलायचे, "बाई, किल्ली."

मी सोसायटीची सेक्रेटरी. हे पद दुसऱ्या कुणालाच नको होतं, आणि मी शाळेत शिकवते म्हणजे मला ओरडायची सवय आहे, या एका गुणावर ते माझ्या गळ्यात पडलं. मीटरच्या खोलीची किल्ली त्याच्याबरोबर आली आणि किल्लीपाठोपाठ तळवडेकर आले. तुम्हांला निनी माहीत असेल. नव्वदच्या दशकात तुम्ही कॉलेजात असाल तर नक्कीच असेल. तिची कॅसेट कुणाला तरी दिलीही असेल आणि ती परत आली नसेल. त्या निनीला, म्हणजे आमच्या समोरच्या ब्लॉकमधल्या नंदिनी तळवडेकरला, सगळ्यांनी ऐकलं. तिच्या वडिलांनी मात्र समोर बसून एकदाही नाही.

तळवडेकर मंडळी गिरगावच्या चाळीतून आली, आम्ही परळहून. पूनम सागर ही आमची वसाहत तेव्हा नव्यानं उभी राहत होती. गॅलरीतून मिठागरं दिसायची, पाण्याचा टँकर यायचा आणि विजेचा दाब इतका कमी असायचा की आमची जेवणं उरकेपर्यंत ट्यूबलाइट नुसती डोळे मिचकावत बसायची. तळवडेकर फोर्टातल्या एका सरकारी ऑफिसात आवक-जावक टेबलावर होते. विजेतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. घरातला बल्बसुद्धा वहिनी स्टुलावर चढून बदलायच्या, आणि हे खाली स्टूल धरून "जपून गं, जपून" करत त्यांना घाबरवून सोडायचे.

काळजी करणं हाच त्यांचा खरा व्यवसाय होता, नोकरी आपली जोडीला. टँकर आला नाही की काळजी, आला की तो वळताना कुणाच्या गॅलरीला लागेल याची काळजी. एकदा मी म्हटलं, "तळवडेकर, आज तर सगळं ठीक आहे." तर म्हणाले, "त्याचीच भीती वाटतेय, बाई."

पण पाटाचं प्रकरण नंतरचं. त्याची सुरुवात आमच्या सोसायटीच्या पहिल्या गणपतीत झाली. नंदिनी तेव्हा नऊ वर्षांची होती. सोसायटीचं स्वतःचं मीटर अजून बसलं नव्हतं, त्यामुळे मांडवासाठी वायर कुणाच्या तरी घरातून ओढायला हवी होती. मीटिंगमध्ये सगळे छताकडे बघत बसले. तळवडेकर मात्र ताडकन उठले आणि म्हणाले, "माझी नंदिनी गाणार आहे ना? मग लाइट आमच्या घरची." त्या दिवशी त्यांचा चेहरा असा फुलला होता की काळजी क्षणभर कुठे गेली कोण जाणे.

संध्याकाळी नंदिनी परकर-पोलकं घालून माइकसमोर उभी राहिली. पोरीचा आवाज काय होता म्हणून सांगू! माझ्या शेजारचे दोघे पापड मोडायचे थांबले. पहिला अंतरा झाला, दुसरा चढत गेला, सूर अगदी टोकाला पोहोचला आणि फट्कन मांडवातली लाइट गेली. हॅलोजन विझले, माइक मुका झाला. बिल्डिंगमध्ये दिवे लखलखत होते, अंधार फक्त नंदिनीच्या अंगावर. मुलांनी शिट्ट्या मारल्या, कुणीतरी हसलं. मी धावत वर तळवडेकरांच्या घरी जाऊन बघून आले, मग वायरमनला शोधून आणला. त्यांच्या मीटरची फ्यूज जळली होती. हॅलोजनचा लोड झाला, असं सर्वानुमते ठरलं. पंधरा मिनिटांनी लाइट आली तेव्हा पोर तिथेच उभी होती, ओठ घट्ट मिटून. "म्हण बाळ," सगळे म्हणाले. तिनं मान हलवली आणि ती खाली उतरली.

त्यानंतर नंदिनी जवळजवळ वर्षभर गायली नाही. गुणगुणलीसुद्धा नाही. शाळेतली प्रार्थनाही नुसते ओठ हलवून म्हणायची. ती माझ्याकडे गणिताच्या शिकवणीला यायची. ती गेली की पाचच मिनिटांत बेल वाजायची आणि दारात तळवडेकर उभे. "बाई, आज काही गुणगुणली का तुमच्याकडे?" मी नाही म्हणायचे. ते "बरं" म्हणून जायचे. एकदा मी दार लावलं तरी पावलांचा आवाज येईना म्हणून पुन्हा उघडलं, तर ते तिथेच भिंतीकडे तोंड करून उभे होते. अंगावरचा शर्ट दुसऱ्या कुणाचा असावा इतके वाळले होते.

पुढचा गणपती जवळ आला तसे ते एक दिवस शिकवणीच्या वेळीच आत आले आणि मुलीसमोर सतरंजीवर बसले. "नंदू, या वर्षी मी स्वतः मीटरजवळ उभा राहीन. मी तिथे उभा असेपर्यंत लाइट जाणार नाही."

पोरीनं वहीतून डोकं वर न करता विचारलं, "पूर्ण गाणं?"

"पूर्ण."

"मग म्हणते."

मला हसू आलं होतं. विजेला हात लावायला घाबरणारा माणूस मीटरसमोर उभा राहून करणार काय? शॉक बसू नये म्हणून पाट पायाखाली, एवढंच त्यांचं विद्युतशास्त्र. वहिनी म्हणाल्या, "अहो, देवाचा पाट पायाखाली?" तर म्हणाले, "देवाला सगळं माहीत आहे." घरातला फ्रिज, पंखे, दिवे सगळं बंद केलं. वहिनींना तयार व्हायला आमच्या घरी पाठवलं. मांडवाची वायर तेवढी चालू. आणि नंदिनी गायली. लाइट गेली नाही.

झालं! त्या दिवसापासून नंदिनी आणि पाट ही जोडी ठरली. भाईंदर पश्चिमेला शाळेच्या हॉलमध्ये स्पर्धा होती, तिथल्या वॉचमननं तळवडेकरांना वीजचोर समजून धरून ठेवलं. मी जाऊन सोडवलं तेव्हा मुलीला पहिला नंबर मिळाला होता आणि वडील वॉचमनला विचारत होते, "पण तुमची फ्यूज कधी बदललीय?" केबिन रोडच्या नवरात्रात ऑर्केस्ट्रावाल्यांनी तिला गरब्याला बोलावलं. तिथले शेठ हात धरून म्हणाले, "अरे काका, आगे बैठो ने, आपकी बेटी गाती है." तळवडेकर म्हणाले, "जनरेटर किधर है?" आणि दोन तास डिझेलच्या धुरात उभे राहून, भूत होऊन घरी आले. मुलगी काय गायली, ते त्यांना घरी आल्यावर वहिनींकडून कळलं.

मी चिडायचे. "अहो, सगळे पैसे मोजून ऐकतात आणि तुम्ही फुकट मिळतंय तर पळता!"

"लाइटचा काय भरवसा, बाई?"

या एका वाक्यापुढे कुणाचं काही चालायचं नाही.

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये एका कॅसेट कंपनीच्या माणसानं नंदिनीला ऐकलं. तळवडेकर हे आडनाव कव्हरवर मावत नाही म्हणून ते काढलं, मग नंदिनीही लांब वाटायला लागलं म्हणून तिची निनी झाली. तिचे केस कापले आणि तिला चांदीच्या रंगाचं जाकीट घातलं. वहिनींना जाकिटाची काळजी, तळवडेकरांना स्टुडिओच्या स्विचबोर्डाची. अंधेरीच्या त्या एसी स्टुडिओत ते पाट घेऊन गेले. रेकॉर्डिस्ट मोठा भला माणूस, त्यानं बोर्डाजवळ स्टूल टाकून दिलं आणि दर तासाला चहा पाठवला. निनीनं त्याला बजावलं होतं, "बाबा तिथे आहेत ना ते बघून मला सांगा, मग सुरू करू."

कॅसेट आली आणि दिवाळीपर्यंत स्टेशनवर उभ्या असलेल्या प्रत्येक रिक्षात वाजायला लागली. माझे सातवीतले विद्यार्थी गणिताच्या तासाला बाकावर तोच ठेका धरायचे. मी त्यांना ओरडायचे आणि स्टाफरूममध्ये येऊन स्वतः गुणगुणायचे. टीव्हीवर तिचं गाणं पहिल्यांदा लागलं त्या रविवारी सकाळी अख्खी बिल्डिंग आमच्या हॉलमध्ये कोंबली होती. आणि माझ्यासमोर हात आला. "बाई, किल्ली."

"तळवडेकर, ते शूटिंग महिन्यापूर्वी झालंय! लाइट गेली तरी तिचं काही बिघडणार नाही!"

"शूटिंग महिन्यापूर्वीचं. लाइट आत्ताची आहे ना?"

मी किल्ली दिली. गाणं संपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, वहिनी रडल्या, आणि तळवडेकर वर येऊन म्हणाले, "व्यवस्थित गेलं." वाचलं, अशा सुरात.

मग सोसायटीनं निनीचा सत्कार ठरवला. तिनं आता अंधेरीला घर घेतलं होतं, परदेशी दौरे चालले होते. पण ती लगेच हो म्हणाली. कार्यक्रम आपल्याच मैदानात, संध्याकाळी, दोन स्पीकर आणि माइक. वायर प्रथेप्रमाणे तळवडेकरांच्या घरातून. सोसायटीचं मीटर केव्हाच बसलं होतं, पण तिच्या गाण्याला दुसऱ्या कुणाची वीज चालते का, असं विचारायची माझीही हिंमत नव्हती. मी मात्र ठरवलं होतं की या वेळी हा माणूस पहिल्या रांगेत बसणार. त्यांनी हात पुढे केला तेव्हा मी किल्ली पर्समध्ये टाकली आणि म्हटलं, "आज मी उभी राहते. तुम्ही बसा."

ते पांढरेफटक पडले. "बाई, तुम्हांला नाही जमणार."

"पाटावर उभं राहायचं तर आहे!"

वहिनींनी त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं. त्यांनी जाता जाता मला पाट, टॉर्च, तार आणि मेणबत्ती दिली, पायातल्या स्लिपरही काढायला लागले, त्या मी घेतल्या नाहीत. मीटरच्या खोलीत झुरळं होती आणि जळक्या रबराचा वास होता. मी पाटावर उभी राहिले. समोर तळवडेकरांचं मीटर. मला आपलं हसू येत होतं आणि खरं सांगायचं तर छातीत धडधडतही होतं. बाहेर निवेदन झालं, टाळ्या झाल्या, पेटीचे सूर आले. निनीनं त्या पहिल्या गणपतीतल्याच गाण्याची पहिली ओळ उचलली आणि मध्येच थांबली.

मी वर बघितलं, बल्ब चालू होता. मग स्पीकरमधून तिचा आवाज आला, लहान मुलीसारखा. "बाबा, तुम्ही इथे? मग तिकडे कोण आहे?"

लोक हसले. ती हसली नाही. दुसऱ्याच क्षणी रबरी स्लिपरांचा फटफट आवाज जवळ आला आणि तळवडेकर दारात धापा टाकत उभे राहिले. मी गुपचूप पाटावरून उतरले, ते चढले. बाहेर गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"तुमचं नाही, बाई." ते मीटरकडेच बघत होते. "चूक माझी. त्या पहिल्या गणपतीत लाइट हॅलोजननं नव्हती गेली. गाणं झालं की नंदूला गुळण्यांना गरम पाणी द्यायचं म्हणून मी बादलीत रॉड लावून खाली आलो होतो. घसा बसू नये तिचा, म्हणून." त्यांचा आवाज फुटला. "वर्षभर गप्प होती हो पोर. माझ्यामुळे. आजवर कुणाला सांगितलं नाही."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. "त्या दिवशी मी वर बघायला गेले होते ना? बादलीत रॉड होता, पाणी कोमट लागलं हाताला. वहिनींनी आवरला असं तुम्हांला वाटलं असेल, पण मीच तो काढून माळ्यावर टाकला."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "आणि तरी इतकी वर्षं मला किल्ली देत होतात?"

"म्हणूनच देत होते."

त्यांनी डोळे पुसायला हात वर नेला आणि मध्येच थांबवून तो मीटरकडे केला. "थांबा, आता बघा."

काचेमागे मीटरची ती ॲल्युमिनियमची चकती फिरत होती, तिच्या कडेवर लाल खूण. घरात सगळं बंद, वायर फक्त स्टेजची. बाहेर निनीचा सूर खाली आला तशी चकती सुस्तावली. "ही पहिली ओळ पुन्हा आली. आता श्वास घेईल," ते पुटपुटले. "आता दुसरा अंतरा. इथे चढते ती." स्पीकर भरून आले, आणि ती लाल खूण भरभर फिरायला लागली. तळवडेकरांचे ओठ प्रत्येक शब्दावर हलत होते, एकही शब्द चुकत नव्हता.

हा माणूस मुलीचं गाणं ऐकत नाही, असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले होते. मला माझीच लाज वाटली. सूर टोकाला पोहोचला, त्याच जागी, जिथे नऊ वर्षांच्या पोरीचा तुटला होता. तळवडेकरांनी श्वास रोखला. मीही रोखला. खूण फिरत राहिली.

"गेली बघा पार," ते म्हणाले, आणि पाटावर थोडं सरकून त्यांनी मला उभं राहायला जागा करून दिली.